रक्ताचा काटा एका पारड्याने पाहू नका



काट्यावर उसाची गाडी लागली की आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. वजनात खोट नको! पण आपल्या अंगातही एक काटा आहे, रक्त गोठण्याचा. हा मात्र जुन्या तराजूसारखा, दोन पारड्यांचा. एका पारड्यात रक्त गोठवणारी द्रव्ये, दुसऱ्यात गोठणे आवरणारी. म्हणून तर विळा लागला की रक्त थांबते आणि एरवी शिरांतून वाहते राहते.

या दोन्ही पारड्यांतला बहुतेक माल एकाच कारखान्यात तयार होतो. तो कारखाना म्हणजे यकृत, आपले लिव्हर. दारूने, ब व क काविळीच्या विषाणूंनी किंवा साठलेल्या चरबीने ते वर्षानुवर्षे खराब होत गेले की आक्रसून गाठाळ होते. यालाच सिरॉसिस म्हणतात.

आमच्या माहितीतल्या एका सभासदाला हा आजार होता. रिपोर्टात आयएनआर १.९ आला. निरोगी माणसाचा तो १ च्या आसपास असतो. घरचे म्हणाले, "रक्त पातळ झालंय, आता गुठळीची भीती न्हाई." पुढे एक पाय सुजला, दुखू लागला. "पाणी उतरलं असंल," म्हणून आठ दिवस गेले. शेवटी सोनोग्राफीत पायाच्या शिरेत गुठळी सापडली. माणूस वाचला, पण थोडक्यात.

चूक कुठे झाली? आयएनआर एकच पारडे मोजतो, गोठवणाऱ्या द्रव्यांचे. ते हलके झाले हे खरे. पण आवरणारे पारडेही तितकेच हलके झालेले असते. २००५ साली इटलीतील मिलानच्या ट्रिपोडी, मान्नुची आदी संशोधकांनी दोन्ही पारडी धरून तपासणी केली, तेव्हा अशा रुग्णांच्या रक्ताची गोठण्याची ताकद निरोगी माणसाइतकीच भरली. मात्र हलकी पारडी जरा धक्क्यानेही झुकतात. जंतुसंसर्ग झाला किंवा किडनी बिघडली, की तोल कुठल्याही बाजूला जातो. यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेतही गुठळी होऊ शकते.

मग रक्ताची उलटी का होते? पाट गाळाने तुंबला की पाणी मागे फुगते आणि कच्चा बांध फुटतो. तसेच यकृतात रक्त अडले की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एखादी फुटते. दोष मुख्यतः दाबाचा असतो. म्हणून नुसता आकडा सुधारण्यासाठी प्लाझ्माच्या पिशव्यांचा हट्ट धरू नये. त्याने रक्ताचे आकारमान वाढून दाब उलट वाढू शकतो. त्याची गरज डॉक्टरांनाच ठरवू द्या.

घरात असा रुग्ण असेल तर एवढे ध्यानात ठेवा. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास झाली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. एकच पाय सुजला, छातीत दुखून दम लागला किंवा पोटात एकाएकी कळ आली, तरी थांबू नका. कंबर दुखते म्हणून दुकानातून अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या आणून देऊ नका. दारूचा थेंबही नको. फुगलेल्या शिरा दुर्बिणीने तपासून घ्या. फुटण्याआधी त्यांवर उपाय होतो. घरच्यांनी ब काविळीची लस टोचून घ्यावी.

काट्याची पावती आपण दोनदा वाचतो. घरच्या माणसाचा रिपोर्टही डॉक्टरांकडून नीट समजून घेऊ या.