काठावरच्या होडीचे मोल

‘पाण्यात म्हैस, वर मोल’ या म्हणीने न पाहता केलेल्या सौद्याची थट्टा केली आहे. जुन्या होडीच्या सौद्यात मात्र ही म्हण उलटी होते. होडी काठावर पालथी पडलेली असते, गिऱ्हाईक तिच्याभोवती चार फेऱ्या घालून तिला नीट न्याहाळते. परंतु तिचे खरे मोल पाण्यातच कळावयाचे असते. दोन-चार महिने ती पाण्यात वापरल्याशिवाय ती कोठे गळते, किती भार पेलते, कोणत्या बाजूला कलते, हे उमगत नाही. ज्याने ती वापरली आहे त्याला हे सारे ठाऊक असते आणि नेमका तोच विकणारा असतो.

वाशिम जिल्ह्यात होडीचा विषय काढावा हे काहींना विचित्र वाटेल. हा सोयाबीन आणि तुरीचा मुलूख, समुद्र शेकडो मैलांवर. परंतु वाशिम शहराला पाणी पुरविणारा एकबुर्जी, कारंजाजवळचा अडाण आणि सोनल हे मध्यम प्रकल्प, शिवाय लहानमोठे कितीतरी तलाव, यांच्या पाण्यावर रोहू, कटला, मृगळ पोसले जातात आणि त्यावर भोई समाजातील व अन्य कुटुंबांची चूल पेटते. वऱ्हाडातील अशा तलावांवर थर्माकोलचे तराफे, ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबा, पत्र्याचे डोंगे असे नाना प्रकार पाहावयास मिळतात. अ‍ॅल्युमिनियमची होडी त्या मानाने विरळ; पण ती हलकी असते, दोघांना उचलता येते आणि लोखंडी पत्र्यासारखी गंजत नाही, म्हणून तिच्याविषयी आकर्षण असते. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य शासनाने मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वृत्तपत्रांतून कर्ज, वीज, विमा यांची पुष्कळ चर्चा झाली. धंद्यातून बाहेर पडणाऱ्याच्या होडीचे काय होते, हा प्रश्न त्या चर्चेत आला नाही.

तो यावयास हवा होता. मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, पण होडी आणि जाळे पुष्कळदा सभासदाचे स्वतःचे. ठेका दुसऱ्याकडे गेला, तलाव आटला, मुलगा पुण्याकडे कामाला लागला, घरात आजारपण आले, की होडी विक्रीला निघते. यातील पहिली दोन कारणे अशी आहेत की ती एकट्यादुकट्यावर कोसळत नाहीत. पाऊस दगा देतो तेव्हा एका तलावावरच्या सगळ्याच होड्या एकदम काठाला लागतात. विकणारे अनेक, घेणारा एखादाच. त्यात ज्याला विकावयाचे आहे त्याला पैसा याच आठवड्यात हवा असतो. गरजवंताला अक्कल नसते असे आपण म्हणतो. वास्तविक त्याला अक्कल असते, सवड नसते.

केवळ हिशेबापुरते काही आकडे धरू. समजा, होडीचे वजन ४० किलो आहे आणि भंगारात अ‍ॅल्युमिनियमला किलोमागे १५० रुपये मिळतात. म्हणजे होडी फुटकी असो की धडधाकट, तिचे ६,००० रुपये कोठे जात नाहीत. हीच होडी सुस्थितीत असेल तर कामाला घेणाऱ्याच्या दृष्टीने तिचे मोल १५,००० आहे. तळाला तडे असतील तर ७,०००. घेणाऱ्याला दोहोंतला फरक ओळखता येत नसेल तर तो मधली किंमत, म्हणजे ११,००० बोलेल. तडकलेल्या होडीचा मालक आनंदाने होकार देईल. चांगल्या होडीचा मालक माघार घेईल. मग बाजारात उरतील त्या बहुतांशी तडकलेल्याच, आणि हे कळताच गिऱ्हाईक ७,००० वर उतरेल.

हा युक्तिवाद जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा. जुन्या मोटारींच्या बाजारावरील त्याचा निबंध तीन नियतकालिकांनी नाकारल्यावर १९७० मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००१ मध्ये त्याला इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. मोटारींच्या उदाहरणामुळे एक गोष्ट विसरली जाते. १९६७-६८ मध्ये अ‍ॅकरलॉफ दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होता, आणि त्याच निबंधात भारतातील सावकारी आणि बाजारच्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, दाण्यासारखेच दिसणारे खडे यांचाही उल्लेख आहे. तांदूळ निवडणाऱ्या गृहिणीला जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्याला सिद्धान्ताचे रूप मिळाले एवढेच. मात्र अ‍ॅकरलॉफच्या चांगल्या मोटारीचा मालक ती न विकता घरी ठेवू शकतो. आटलेल्या तलावाच्या काठावरचा मासेमार होडी घरी ठेवून करील काय? तो ७,००० घेतो, नाहीतर भंगारवाल्याच्या तराजूत होडी टाकतो. चांगली होडी हातोड्याने चेपली जाते आणि पुढल्या वर्षी पाऊस पडला की त्याच गावात कोणीतरी नव्या होडीसाठी कर्ज काढतो. हे नुकसान एकट्या विकणाऱ्याचे राहत नाही.

बैलाच्या बाजारात असे सर्रास होत नाही, याचे कारण शोधण्यासारखे आहे. तेथे दात मोजले जातात, खांदा चाचपला जातो, बैल चालवून पाहिला जातो. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो आणि बाजार समितीची पावती फाडली जाते. जुन्या मोटारसायकलीमागे परिवहन खात्याचे नोंदणीपत्र असते. अमेरिकेत तर १९७२ पासून कारखान्यातून निघणाऱ्या लहान होडीच्याही अंगावर ओळख-क्रमांक कोरावा लागतो. आपल्याकडे २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्यात यंत्राविना चालणाऱ्या नौकांचाही विचार आहे, परंतु तलावातल्या वल्ह्याच्या डोंग्याच्या मालकाजवळ कागद म्हणून सहसा काहीच आढळत नाही. होडी त्याची आहे, कारण सगळे गाव ती त्याची आहे असे म्हणते. शेजारच्या तालुक्यातून आलेल्या गिऱ्हाइकाला गावाचा हा शब्द कोठे ऐकू येणार?

कायदा अशा वेळी कोणाच्या बाजूला उभा राहतो? १९३० चा वस्तुविक्री कायदा सांगतो की विकणाऱ्याला विकण्याचा हक्क असला पाहिजे. परंतु दर्जाची जी हमी धंदेवाईक दुकानदारावर आपोआप लागू होते ती आपली एकुलती एक जुनी वस्तू विकणाऱ्या खाजगी माणसावर होत नाही. १८७२ च्या करार कायद्यात तर एका सदोष घोड्याचे मासलेवाईक उदाहरण दिले आहे. लिलावात घोडा विकताना त्याचा दोष मालकाने सांगितला नाही, तर ती फसवणूक नव्हे. परंतु गिऱ्हाईक म्हणाले, ‘तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,’ आणि मालक गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याबरोबर धरले जाते. म्हणजे प्रश्न मोठ्याने विचारणे, आणि तोही चारचौघांत विचारणे, याला कायद्यात मोल आहे. तडा डांबराने किंवा एम-सीलने बुजवून वर ताजा रंग फासणे ही गोष्ट मौनात मोडत नाही. दोष जाणूनबुजून झाकणे हा त्याच कायद्याने कपटाचा प्रकार ठरविला आहे.

तेव्हा प्रत्येक मच्छीमार संस्थेने एक साधी वही ठेवावी. होडी कोणाची, कधी घेतली, वजन किती, तळाला ठिगळे किती, अनुदानातून घेतली असल्यास विक्रीला काही अट आहे काय, एवढे तीत असावे. आणि विक्रीच्या दिवशी दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी त्या पानाची नक्कल गिऱ्हाइकाला द्यावी. याला शासनाचा आदेश लागत नाही आणि नवा अधिकारीही लागत नाही. अडचण निराळीच आहे. काही संस्थांत पदाधिकारीच स्वस्तातल्या होडीचे पहिले गिऱ्हाईक असतात आणि आपल्या गिऱ्हाइकीला भाव चढविणारी वही त्यांनी हौसेने उघडावी अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होईल. सभासदांनी वार्षिक सभेत ती मागितली पाहिजे.

वहीपेक्षाही आधी करता येण्याजोगी एक परीक्षा आहे आणि ती विकणाऱ्याच्याच हिताची आहे. अ‍ॅल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही म्हणून ते अक्षय असते असे नाही. लोखंडी बोल्ट ओल्या अ‍ॅल्युमिनियमला टेकून राहिले की तेथे पांढरी भुकटी धरते आणि धातू खाल्ला जातो. रिवेट सैल होतात. आणि ते वेल्डिंग करणारा कारागीर तालुक्याच्या गावी सहजी मिळत नाही. हे दोष बाहेरून दिसत नाहीत. म्हणून होडी तलावात लोटण्याऐवजी काठावरच दोन ओंडक्यांवर सरळ ठेवावी, आतला तळ बुडेल इतके घागरी-दोन घागरी पाणी तिच्यात ओतावे आणि अर्धा तास थांबावे. पाणी आतून बाहेर येऊ लागले की प्रत्येक सैल रिवेट खालच्या बाजूला थेंबाने आपली जागा दाखवितो. तेवढ्या जागा खडूने आखाव्यात, मोजाव्यात आणि मग भावाला बसावे. ज्या होडीखालची माती अर्ध्या तासानंतरही कोरडी राहते, तिचा मालक ७,००० ला उठत नाही.