लो-कार्ब 'चिली' घरी करायचीय? राजमा सोडा, मासवडीचं वाटण घ्या

रील्समध्ये दिसणारी 'चिली' म्हणजे अमेरिकेतल्या टेक्सासचा खिम्याचा दाट, झणझणीत रस्सा. १९७७मध्ये टेक्सासने त्याला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं. तिथल्या जुन्या पद्धतीत राजमा नसतो, इतरत्र मात्र सर्रास घालतात.

कार्ब्स येतात कुठून?
१०० ग्रॅम शिजवलेल्या राजम्यात सुमारे २२ ग्रॅम कार्ब्स असतात, उकडलेल्या बटाट्यात २०. मटणात जवळपास शून्य. राजमा वाईट नाही, पण लो-कार्बच्या हिशेबात तो बसत नाही.

मग रस्सा दाट कसा होणार?
उत्तर कळंब, मंचर, नारायणगाव या पट्ट्यात आहे. इथली मासवडी प्रसिद्ध. तिचं बाहेरचं आवरण बेसनाचं, म्हणजे कार्ब्स आलेच. पण आतलं तीळ, सुकं खोबरं, लसूण हे सारण आपल्या कामाचं. तेच वाटून घातलं की रस्सा दाट होतो.

कृती (४ जणांसाठी)
• प्रत्येकी २० ग्रॅम तीळ आणि सुकं खोबरं भाजा. ८ लसूण पाकळ्यांसोबत वाटा.
• तेलात जिरं आणि १ कांदा परता. २ चमचे लाल तिखट, थोडी हळद, धणेपूड घाला.
• अर्धा किलो मटण खिमा पाणी आटेपर्यंत परता.
• २ टोमॅटो, १ ढोबळी मिरची, वाटण, मीठ आणि २ वाट्या गरम पाणी घाला. झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास शिजवा.
शाकाहारींनी खिम्याऐवजी मशरूम घ्यावेत, पनीर शेवटी घालावं.

एका वाढणीत साधारण १० ते १२ ग्रॅम कार्ब्स येतात.

खरी मेख ताटात
बाजरीच्या एका मोठ्या भाकरीत ४५ ते ५० ग्रॅम कार्ब्स असतात, म्हणजे रश्श्याच्या चार वाढण्यांइतके! दोन भाकरी कुस्करल्या तर 'लो-कार्ब' नावापुरतंच. अर्धी भाकरी आणि सोबत काकडी, मुळा, कोबी घ्या.

हे आधी वाचा
इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या सुरू असताना कार्ब्स अचानक तोडले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर ही त्याची लक्षणं. त्यामुळे भाकरी कमी करण्याआधी डोस बदलायचा का, हे डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मटण किती खायचं, हेही विचारून घ्या.