दुर्बीण, दोरा आणि चुंबक

मूतखड्याच्या ऑपरेशननंतर आमचे मामा चौथ्या दिवशी ठणठणीत होते. घोर लागला तो डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीचा: ‘डीजे स्टेंट तीन आठवड्यांनी काढणे.’ मामी लगेच म्हणाल्या, ‘‘अहो, वरच्या मजल्यावरच्या भाऊजींच्या हृदयात दोन-दोन आहेत. त्यांचे कुठे कुणी काढले? राहू द्या की.’’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. हृदयातला स्टेंट म्हणजे धातूची जाळी. ती रक्तवाहिनीत कायमची बसवतात. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत घातलेला स्टेंट ही पॉलियुरेथेनची किंवा सिलिकॉनची मऊ नळी. बहुधा 24-26 सेंटिमीटर लांब आणि जेमतेम दोन मिलिमीटर जाड. ऑपरेशनने मूत्रवाहिनीला सूज येते, ती उतरेपर्यंत लघवीची वाट मोकळी ठेवायची, एवढंच तिचं काम. नळी सरकू नये म्हणून दोन्ही टोकं इंग्रजी ‘जे’सारखी वळवलेली, म्हणून डबल जे, म्हणजे डीजे. अमेरिकेतल्या डॉ. रॉय फिनी यांनी ही रचना 1978 मध्ये मांडली.

‘काही दुखत नाही, मग घाई कशाला?’ घाई अशासाठी, की लघवीतले क्षार या नळीवर बसत राहतात, गीझरच्या कॉइलवर बसतात तसे. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या नळ्यांपैकी सुमारे 9 टक्के नळ्यांवर असा थर आढळला. बारा आठवडे उलटून गेलेल्यांत हेच प्रमाण 76 टक्क्यांवर गेलं होतं. थर जाड झाला की आतलं वेटोळं सुटत नाही आणि दोन-चार मिनिटांच्या कामाचं पुन्हा ऑपरेशन होऊन बसतं.

मामांची भीती वेगळी होती. ‘दुर्बिणीने काढू’ हे वाक्य त्यांनी ऐकलं होतं, आणि दुर्बीण म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे जहाजाचा कप्तान उभा राहिला असणार. भीती अगदीच निराधार नाही. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे 20 सेंटिमीटर लांब आणि वळणाचा. त्यात सरळ धातूची दुर्बीण घालणं त्रासाचंच, म्हणून ते पुष्कळदा भूल देऊन करतात. लवचीक दुर्बीण मात्र पाचेक मिलिमीटर जाडीची आणि वळणाबरोबर वळणारी. आधी सुन्न करणारी जेली सोडून काही मिनिटं थांबायचं, मग दुर्बीण मूत्राशयात न्यायची, बारीक चिमट्याने नळीचं टोक धरायचं आणि सगळं एकत्रच बाहेर काढायचं. भूल नाही, ॲडमिट होणं नाही. बायकांचा मूत्रमार्ग चार सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे त्यांना सरळ दुर्बीणही बहुतेकदा जेलीवर चालते.

दुर्बीण न लावताही नळी निघते, हे मात्र फार थोड्या पेशंटना सांगितलं जातं. नळीच्या खालच्या टोकाला बारीक दोरा ठेवून तो मूत्रमार्गातून बाहेर काढतात आणि चिकटपट्टीने अंगाला लावतात. ठरलेल्या दिवशी दोरा धरून, श्वास सोडता सोडता, न थांबता ओढला की वेटोळी सरळ होत नळी बाहेर येते. काही ठिकाणी पेशंटला शिकवून हे घरी करू देतात. पण डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तरच. ‘दोरा दिसतोय म्हणजे टाका सुटला’ असं समजून कुणी कात्री लावली, तर सोपी वाट आपल्याच हाताने बंद होते. या पद्धतीला एक खोट आहे: झोपेत किंवा कपड्यात अडकून दोरा ओढला गेला तर नळी वेळेआधीच निघते. म्हणून ज्यांची नळी थोडेच दिवस ठेवायची, त्यांना ही पद्धत चांगली.

चुंबकाचं ऐकल्यावर मामांनी विचारलं, ‘‘पोटावर धरायचा का रे?’’ नाही. नळीच्या मूत्राशयातल्या टोकाला इवलासा चुंबक असतो. टोकाशी चुंबक असलेली बारीक कॅथेटर मूत्रमार्गातून आत नेली की दोन्ही एकमेकांना चिकटतात, मग ओढायचं. कॅमेरा लागत नाही. कधी पकड बसत नाही, तेव्हा दुर्बीण आणावीच लागते. शिवाय अशी नळी अंगात असताना एमआरआयची वेळ आली, तर ती असल्याचं आधी सांगायलाच हवं.

आपोआप विरघळणाऱ्या नळ्यांवर संशोधन चालू आहे. नेहमीच्या वापरात त्या आलेल्या नाहीत, तेव्हा आपली विरघळेल या आशेवर कुणी बसू नये.

दोरा किंवा चुंबक हवा असेल तर ते ऑपरेशनच्या आधी विचारायचं असतं. नळी एकदा आत गेली की जी घातली तीच काढायची. मामांच्या बाबतीत ती वेळ टळून गेली होती. लवचीक दुर्बीण मिळाली, यावर त्यांनी समाधान मानलं. त्या संध्याकाळी कुशीत कळा आल्या. नळी निघाल्यावर मूत्रवाहिनी आखडते आणि काही तास असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र तडक या, हेही. तसं काही झालं नाही. मामींनी कॅलेंडरवरच्या त्या तारखेभोवती तीन आठवड्यांपूर्वी केलेल्या लाल गोलावर फुली मारली आणि कुळथाचं कढण गॅसवर ठेवलं.