हवा कापणारी सायकल: पेडणे ते डिचोली

टाइम ट्रायलमध्ये (टीटी) आडोसा नाही. पुढच्याच्या मागे लपून दम खायची सोय नाही, स्वार एकटा आणि घड्याळ चालू. सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटर ओलांडले की ताकदीचा 80 टक्क्यांहून अधिक वाटा नुसती हवा बाजूला सारण्यात जातो. वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी आठपट ताकद!

म्हणून टीटी सायकलच्या फ्रेममध्ये गोल नळी दिसत नाही. तेवढ्याच जाडीच्या, मागे निमुळत्या नळीपेक्षा गोल नळी हवेला कित्येक पट जास्त अडवते. गंमत पुढेच आहे. निमुळतं शेपूट मध्येच सरळ छाटलं, तरी हवा बहुतांशी ते असल्यासारखीच वाहते. हे तंत्र 1930च्या दशकात मोटारींसाठी विकसित झालं. जर्मन अभियंता वुनिबाल्ट काम यांचं नाव त्याला मिळालं.

पण लाखोंच्या सायकलीपेक्षा स्वाराचं शरीर हवेला जास्त अडवतं, एकूण अडथळ्याच्या साधारण तीन चतुर्थांश. त्यामुळे पहिला पैसा कोपरं टेकवून पुढे झुकवणाऱ्या एरोबारवर आणि ते अंगाला नीट बसवून घेण्यावर खर्चावा. 1989च्या टूर द फ्रान्समध्ये ग्रेग लेमाँड शेवटच्या दिवशी 50 सेकंदांनी मागे होते. 24.5 किलोमीटरच्या टाइम ट्रायलला ते एरोबार लावून उतरले, आघाडीवरचे लोराँ फिन्याँ एरोबारशिवाय. लेमाँड 8 सेकंदांनी टूर जिंकले!

गोव्यात अशा सायकली मोठ्या संख्येनं बघायच्या तर आयर्नमॅन 70.3 ही ट्रायथलॉन गाठावी. 2019 साली मिरामारला सुरू झालेल्या या स्पर्धेत 90 किलोमीटर सायकलिंग असतं, आणि पुढच्याच्या आडोशाला राहिलं तर दंड.

आता आपल्या हवेचं कौतुक. घामानं जीव नकोसा करणारी दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, कारण पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी. किनाऱ्यावरची 30 अंशांची दमट हवा 15 अंशांच्या कोरड्या हवेपेक्षा सुमारे 6 टक्के विरळ. गोव्यातल्या टीटीवाल्याला ही फुकटची भेट!

डिचोली, साखळीकडच्या चढांवर मात्र हिशेब उलटतो. वेग 15 किलोमीटरवर आला की हवा फारशी आडवी येत नाही, वजन छळतं, आणि टीटी सायकल साध्या रेसिंग सायकलपेक्षा सहसा जडच. उतार लागला की ती पुन्हा फॉर्मात.

पेडण्यात, मांद्रे-हरमलच्या किनारी रस्त्यावर, दुपारी खारे वारे कुशीवर आदळतात. तिथे पुढे डिस्क चाक, म्हणजे आऱ्यांऐवजी सलग तबकडी असलेलं चाक, लावूच नये. पुढचं चाक हँडलला जोडलेलं, त्यामुळे वारा थेट हँडलच फिरवतो. मागच्या चाकावर अंगाचा भार असतो, ते निभावतं. हवाईतल्या कोना इथल्या आयर्नमॅन जागतिक स्पर्धेत तर आडव्या वाऱ्यापायी कित्येक वर्षं डिस्क चाकाला पूर्ण बंदी होती, मागेसुद्धा.