दिसलं का?

कोजागरीला आमच्या मंडळाचं कविसंमेलन संपलं आणि मसाला दुधाचे पेले घेऊन आम्ही सगळे कॉलेजच्या गच्चीवर गेलो. फिजिक्सच्या मुलांनी तिथे दुर्बीण लावली होती. ज्या चंद्रावर तासभर कविता झाल्या, तो आता जवळून बघायचा होता. पुढची मैत्रीण ओरडली, "अगं, अख्खा चंद्र दिसतोय!" मी डोळा लावला. चष्म्याची काच टक्कन आपटली आणि चंद्राचा फक्त मधला तुकडा दिसला. डोकं जरा हललं की तोही गायब. मागे रांग होती. "दिसलं का?" कुणीतरी विचारलं. "हो, मस्त!" म्हणत मी बाजूला झाले.

साफ खोटं! पण चष्मा तिसरीपासून आहे, म्हणजे दोष माझ्याच डोळ्यांचा, असं मी धरूनच चालले होते. नंतर त्या मुलांना प्रश्न विचारून भंडावलं, तेव्हा कळलं की अडचण जागेची होती. त्या जागेला 'आय रिलीफ' म्हणतात.

दुर्बिणीचा आरसा किंवा मोठं भिंग प्रकाश गोळा करतं आणि आपण डोळा लावतो ती नेत्रिका, म्हणजे आयपीस, प्रतिमा मोठी करून दाखवते. नेत्रिकेतून निघालेले किरण तिच्या मागे थोड्या अंतरावर एका छोट्याशा गोलात एकत्र येतात. शेवटच्या काचेपासून या गोलापर्यंतचं अंतर म्हणजे आय रिलीफ. डोळ्याची बाहुली बरोबर तिथे आली की पूर्ण दृश्य दिसतं. मागे राहिली की किल्लीच्या भोकातून लांबून पाहिल्यासारखं होतं: खोली तीच, पण दिसतो फक्त मधला भाग.

हा गोल दिवसाही पाहता येतो. दुर्बीण उजळ आकाशाकडे वळवा (सूर्याकडे चुकूनही नको!) आणि नेत्रिकेमागे कागद धरून पुढेमागे करा. एका जागी प्रकाशाची टिकली रेखीव उमटेल. तिथवरचं अंतर पट्टीने मोजा.

आता आकडे. आमच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर 650 मिलीमीटर आणि त्या रात्रीची नेत्रिका 10 मिलीमीटरची, म्हणजे 65 पट मोठं दृश्य. नेत्रिका प्लॉसल पद्धतीची होती. व्हिएन्नाच्या सिमॉन प्ल्योस्लने 1860मध्ये केलेली ही रचना आजही सर्रास वापरतात. तिचं आय रिलीफ नाभीय अंतराच्या साधारण 70 ते 80 टक्के असतं, म्हणजे इथे जेमतेम 7-8 मिलीमीटर. चष्म्याची काच मात्र डोळ्यापासून 12-14 मिलीमीटरवर असते. वर काचेची जाडी. माझा डोळा त्या टिकलीपर्यंत पोचणार कसा?

मग चष्मा काढून बघायचं ना? नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर खुशाल काढा, फोकसचं चाक फिरवलं की चित्र स्पष्ट होतं. पण माझ्यासारखा सिलिंड्रिकल नंबर असेल तर फोकसने तो जात नाही, तारे फराटल्यासारखे दिसतात. गंमत म्हणजे प्रकाशाची टिकली जितकी लहान, तितका हा दोष कमी जाणवतो. दुर्बिणीचा व्यास भागिले पट, हा तिचा आकार. आमच्या 130 मिलीमीटर व्यासाच्या दुर्बिणीत 65 पटीला टिकली 2 मिलीमीटरची येते. ती 1 मिलीमीटरच्या खाली गेली की बऱ्याच जणांना चष्म्याशिवाय चालतं.

चष्म्यासकट बघायचं तर 15 मिलीमीटर तरी आय रिलीफ हवं, 20 असेल तर आरामात. कमी नाभीय अंतराच्या काही नेत्रिकांतही जादा भिंगं घालून 20 मिलीमीटर जागा मिळवलेली असते, पण त्या जड आणि महाग असतात. विकत घेताना 'किती पट?' एवढंच विचारू नका, 'आय रिलीफ किती?' हेही विचारा.

पुढच्या पौर्णिमेला मी पुन्हा गच्चीवर गेले. या वेळी 25 मिलीमीटरची प्लॉसल मागून घेतली. आय रिलीफ 17-18 मिलीमीटर, पट फक्त 26. चंद्र लहान दिसला, पण अख्खा दिसला, चष्म्यातून, काठासकट. मी इतका वेळ जागा अडवली की रांगेतले वैतागले.

पुढच्या कोजागरीला चष्मेवाल्यांसाठी अशी एक नेत्रिका हाताशी ठेवूया, एवढीच मंडळाला विनंती. आणि रांगेतल्या मित्रमैत्रिणींनो, कुणी "दिसलं का?" विचारलं आणि दिसलं नसेल, तर सरळ "नाही" म्हणा.