ऊन नाही? नो टेन्शन!

ग्राऊंड फ्लोअरचा फ्लॅट म्हटलं की एजंटसुद्धा जरा खालच्या आवाजात बोलतो. व्ह्यू नाही, ऊन नाही. आमचा मुलुंडचा फ्लॅट अगदी असाच. जमेची बाजू एकच, खिडकीबाहेर आंब्याखाली असलेली दहा बाय चारची मातीची पट्टी. तिथे गुलाब लावायचं नावच काढू नका.

मग लावायचं काय? जुलैत बोरिवलीच्या नॅशनल पार्कात एक चक्कर मारा. वर झाडांचं छत, खाली अंधूक उजेड, तरी जमीन हिरवीगार! या मंडळींना कडक ऊन नकोच असतं. आणि दरवर्षी नव्याने लावायची कटकटही नाही. कंद जमिनीखाली असतो, पाऊस आला की फुटतो, हिवाळ्यात पानं पिवळी पडून गडप होतात. म्हणजे सहा महिने ड्युटी आणि सहा महिने रजा. कुठल्या एचआरला सांगून बघा!

माझ्याकडे चौघं आहेत. पेवाची पानं गोल जिन्यासारखी वळत वर चढतात आणि ऑगस्टच्या सुमारास लाल कणसातून क्रेप कागदासारखी पांढरी फुलं येतात. रानहळदीला गुलाबी तुरा. सोनटक्क्याला सकाळचं थोडं ऊन येतं ती कडेची जागा दिलीय, कारण गडद सावलीत तो नुसती पानंच वाढवतो. आणि माझा लाडका भुईचाफा. याची तऱ्हाच न्यारी. पानांचा पत्ता नसताना, ऐन उन्हाळ्यात, जमिनीतून थेट फूल वर येतं. पांढरं-जांभळं, आणि सुगंध तर विचारू नका.

पण फेब्रुवारीत पट्टी ओसाड दिसते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, ‘‘ती मोकळी जागा आहे ना, पेव्हर ब्लॉक टाकू. दोन बाइक लागतील.’’ मोकळी?

‘‘काका, खाली झाडं आहेत हो!’’

‘‘दिसत तर नाहीत,’’ सेक्रेटरीकाका म्हणाले.

कशीबशी एप्रिलअखेरपर्यंत मुदत मिळाली. त्याआधीच भुईचाफ्याने अकरा फुलं काढली! काकांना बोलावून दाखवलं. खाली वाकून वास घेतला आणि म्हणाले, ‘‘याचा एक कंद आमच्या मिसेसना मिळेल का?’’ बाइक आता गेटजवळ लागतात.

कंद मेअखेरीस लावा, साधारण दोन इंच खोल. मातीत पालापाचोळ्याचं खत भरपूर हवं, वर सुक्या पानांचा थर. सोसायटीत झाडून गोळा होणारा पाला मागून घ्या, फुकट मिळतो. पाणी साचू देऊ नका. पानं पिवळी पडली की पाणी बंद, नाहीतर कंद कुजलाच म्हणून समजा. सोनटक्क्याला मात्र थोडी ओल राहू द्या. कुंडीत लावलंत तर घरी सगळ्यांना बजावून ठेवा, रिकामी दिसली तरी कुंडी ओतायची नाही!

आणि ट्रेकला गेल्यावर उपटून आणायचा मोह आवरा. नॅशनल पार्कातून रोप आणणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. सोनटक्का, पेव नर्सरीत विचारा. भुईचाफ्यासाठी ओळखी काढाव्या लागतात. माझा आत्याच्या परसातून आलाय. काकांचा माझ्याकडून जाणार.