उपवासाच्या खिचडीने साखर का वाढते?



संकष्टीला आमच्या आईची साखर हमखास वाढायची. "गोड कणभरही खाल्लं नाही गं," म्हणायची, आणि ते खरंही होतं. पण बोरिवलीच्या आमच्या घरात उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, तीही बटाटा घालून!

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला स्टार्च. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे 87 ग्रॅम कर्बोदके असतात. प्रथिने आणि तंतू नावापुरते. पचनात या स्टार्चचं ग्लुकोज होतं. 50 ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धी लहान वाटी कोरडा साबुदाणा खाल्ला की दोन मध्यम पोळ्यांइतकी कर्बोदके पोटात जातात. बटाटा वेगळाच. चव गोड नसते, म्हणून फसायला होतं.

आता आई अर्धी वाटीच खिचडी घेते. त्यात दाण्याचं कूट भरपूर, बटाटा नाही, सोबत काकडीची कोशिंबीर आणि ताक. वरीतही कर्बोदके असतात बरं का, तीही मोजूनच.

चंद्रोदयापर्यंत काहीच न खाणाऱ्यांनी गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारावं. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर खूप खाली येते. घाम सुटला, हातपाय थरथरले, तर उपवास बाजूला ठेवून लगेच साखरपाणी द्या.